अभिजात साहित्य, इतिहास आणि प्रवास या तिन्हींची आवड आहे. अलीकडची कोणती पुस्तकं वाचावीत?

होमरपासून सुरुवात करा. एमिली विल्सन यांचा 'ओडिसी'चा इंग्रजी अनुवाद २०१७ मध्ये आला, 'इलियड'चा २०२३ मध्ये. आधी 'ओडिसी'च घ्या. वृत्तबद्ध असूनही भाषा आजची, वाहती आहे. ओळी मूळ ग्रीक काव्याइतक्याच ठेवल्यामुळे पाल्हाळ कुठेच नाही. काही पानं मोठ्याने वाचून पाहा, हे काव्य मुळात ऐकण्यासाठीच होतं. जुने अनुवाद अर्ध्यावर सोडलेल्यांना मी आवर्जून हाच सुचवतो.

इतिहासात विल्यम डॅलरिंपल यांचं 'द गोल्डन रोड' (२०२४). मोसमी वाऱ्यांच्या जोरावर चाललेला भारत-रोम सागरी व्यापार, आशियाभर पोचलेला बौद्ध धर्म, बगदादमार्गे युरोपात गेलेले भारतीय अंक, असा मोठा पट आहे. लेखकाचा उत्साह कधीकधी पुराव्याच्या पुढे धावतो असं मला वाटतं, तरी वाचाच.

प्रवासवर्णनात कॉलिन थूब्रन यांचं 'द अमूर रिव्हर' (२०२१). ऐंशीच्या आसपासचे लेखक मंगोलियातून घोड्यावर निघतात, पडून जखमी होतात, तरी रशिया-चीन सीमेवरच्या नदीसोबत थेट समुद्रापर्यंत जातात. निसर्गापेक्षा दोन्ही काठांवरची माणसं आणि त्यांचा परस्परांवरचा अविश्वास जास्त लक्षात राहतो.