नैसर्गिक कडेच्या जुन्या पाईनच्या टेबलाला कोणते पॉलिश द्यावे?

मोडलेल्या शेडमधून मिळालेल्या पाईनच्या रुंद फळीची नैसर्गिक कड तशीच राखून टेबल करायचे आहे, त्याला कोणते पॉलिश द्यावे आणि जुने लाकूड पुढे तडकेल का, असे आपण विचारले आहे. तडकण्याचा दोष जुन्या लाकडाच्या माथी मारलेला मला सहन होत नाही, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

माझे पहिले टेबल अशाच 60 सेंटिमीटर रुंद फळीचे होते. कडेची साल मी पटाशीने हलकेच सोलली, तेव्हा तिच्याखाली किड्यांनी कोरलेल्या नागमोडी वाटा आणि त्यांत दाबून बसलेला तपकिरी भुसा दिसला. पाईन मऊ असल्याने तारेच्या ब्रशने ओरखडे उठतात. म्हणून नायलॉनच्या ब्रशने तो भुसा काढत आठ दिवस त्या एका कडेवर घालवले. नंतर माझ्या थोरल्या बंधूंनी, ज्यांचा सुतारकामातला हात माझ्या आधीपासून बसलेला आहे, फळीखाली दोन आडव्या पट्ट्या सरस लावून सहा-सहा स्क्रूंनी आवळल्या. "दादा, फळीला थोडी जागा ठेवू या का?" असे मी विचारले, तर "टेबल हलून कसं चालेल?" असे उत्तर मिळाले. कोरडी हवा सुरू झाल्यावर एका रात्री मोठा आवाज झाला आणि सकाळी टोकाकडून हातभर चीर गेलेली दिसली. दादा म्हणाले, "भंगारातलं लाकूड, दुसरं काय होणार?"

हे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. हवा दमट झाली की त्या चिरीत कागदही शिरत नसे आणि कोरडी झाली की नाणे उभे जात असे. म्हणजे चीर पडली ती लाकूड जुने म्हणून नव्हे, ते ऋतूप्रमाणे हलते म्हणून. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत फुलते आणि आकसते. एवढ्या रुंद फळीत हा फरक सहज 5-6 मिलिमीटर होतो. पट्टी तिच्या लांबीत आकसत नाही, म्हणून तिला जखडलेली फळी फाटते. पट्टीतील मधला स्क्रू पक्का ठेवावा, बाजूच्या स्क्रूंसाठी फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट भोके पाडावीत आणि पट्टीला सरस मुळीच लावू नये.

आता पॉलिशविषयी. पाईनच्या गाठींतून राळ पाझरते, म्हणून गाठींवर आधी मेण काढलेल्या शेलॅकचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, दोन हात द्यावेत आणि वर पॉलियुरेथेन हे पारदर्शक वॉर्निश लावावे. गडद स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, देऊच नये. पाईन तो डागाडागांनी पिते. वर जितके हात द्याल तितकेच खालच्या बाजूलाही द्यावेत, नाहीतर फळी बाक घेऊ शकते.

रंध्याआधी लोहचुंबक फिरवून तुटके खिळे शोधावेत, हे सुरुवातीलाच सांगायला हवे होते. फळीवर जुना रंग असेल तर त्यात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये. पॉलियुरेथेनऐवजी जवसाचे तेल वापरलेत तर तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये, तो आपोआप पेट घेऊ शकतो. त्या बाहेर सुट्या पसरून वाळवाव्यात.

त्या टेबलाच्या पट्ट्या मी नंतर सोडवल्या, सरस खरवडून काढला, भोके लांबट केली आणि चिरीवर फुलपाखराच्या आकाराच्या तीन पाचरी बसवल्या. तेव्हापासून ती चीर बोटभरही पुढे सरकलेली नाही, आणि फळी तीच, भंगारातली आहे.