फाउंटन ग्रास पावसात आडवं पडतं, मधून टक्कल पडलंय – कधी कापू?

ताई, तुमचं वाचलं आणि माझीच तीन वर्षांपूर्वीची बाग डोळ्यांसमोर आली. म्हणजे गोव्यात पर्वरीला गेटजवळ लावलेलं जांभळं फाउंटन ग्रास, ते तुऱ्यांचं शोभेचं गवत, दोन वर्षं मस्त होतं, व्हिडिओत सांगतात म्हणून फेब्रुवारीत तुम्ही ते तळापासून कापलं, आणि आता चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होऊन गेली तरी ते हिरवटच, मधे भोक पडलंय आणि बाजूची पाती चारी बाजूंना लोळतायत. शिवाय तुऱ्यातलं बी पेरून रोपं होतील का हे विचारलंय. बियांचं शेवटी सांगतो, त्यात माझी फजिती आहे.

आधी छाटणीचं. ते सगळे व्हिडिओ थंडीच्या देशातले. तिकडे गवतं हिवाळ्यात वाळून उभी राहतात, थंडी संपत आली की कापायची आणि मग वसंतात फुटवा येतो. या जांभळ्या जातीला तर तिकडचा बर्फ सोसतच नाही, बरेच लोक ती एका सीझनपुरतीच लावतात. आपल्याकडे फेब्रुवारीत कसली थंडी, पंखा लावून झोपतो आपण. या गवताचा गोव्यातला हिवाळा म्हणजे जून ते सप्टेंबर. मूळचं आफ्रिकेच्या कोरड्या भागातलं गवत, त्याला चार महिने ढग आणि ओले पाय. जांभळा रंग येतो तो उन्हावर, सूर्यच दिसला नाही तर पान हिरवंच राहणार, त्यात खताचा वगैरे काही संबंध नाही.

आणि फेब्रुवारीत कापलं की होतं काय, आपण उन्हाळाभर पाणी घालतो, ते एप्रिल-मेमध्ये लुसलुशीत वाढतं, जून येईपर्यंत कमरेएवढं उंच, आणि पहिल्याच मोठ्या पावसात सपाट. एकदा आडवं झालं की पाती मधोमध ओली चिकटून बसतात, आत वारा नाही, कुजायला सुरुवात.

मी उलटी चूक केली होती. म्हटलं पावसात सगळंच फुटतं तर हेही फुटेल, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात चार इंचांवर कापलं. कापलेल्या काड्या म्हणजे उभ्या ठेवलेल्या नळ्या, प्रत्येकीत पाणी. जुलै संपता संपता बोटाने मधला गड्डा दाबला तर तो भिजलेल्या पावासारखा आत गेला, काळपट चिकट, आणि आंबूस वास. सातांतले चार ठोंब गेले. वाचलेले तीन कुठले, तर पायरीच्या कडेला चिऱ्यांच्या वर मातीचा ढीग होता त्यातले. तेव्हा ट्यूब पेटली.

म्हणून आता मी दसऱ्याच्या आसपास कापतो, पाऊस खरोखर परतला की. तारखेला धरून बसू नका, सलग आठ-दहा दिवस कडक ऊन पडलं की समजायचं. मातीत ओल असते, वर ऑक्टोबरचं ऊन, दोन आठवड्यांत हिरवी-जांभळी टोकं वर येतात आणि माझ्याकडे नाताळच्या आधी तुरे धरतात. कापताना आधी सुंभाने पेंढीसारखं घट्ट बांधून घ्या आणि मग खाली चार-पाच इंच ठेवून कापा, नाहीतर कापलेलं गवत अख्ख्या अंगणभर होतं. फुल बाह्यांचा शर्ट घाला, पात्याची कड बारीक कापते, कळत नाही, संध्याकाळी आंघोळीला साबण लागला की कळतं.

मधलं टक्कल हा रोग नाही हो. गवताचे नवे फुटवे बाहेरच्या बाजूने येत जातात, मधलं म्हातारं होऊन मरतं, केळीच्या ठोंबासारखंच थोडंफार. दोन-तीन वर्षांनी फोडून परत लावायचं. तुमचं तिसरं वर्ष, तेव्हा यंदा नुसतं कापू नका, फोडाच. कापल्यावर भोवती वीतभर सोडून पिकावाने उचकटा, अख्खा गड्डा आडवा पाडा आणि जुन्या करवतीने चिरा. हाताने सुटत नाही, मी अर्धा तास झटापट करून शेवटी सुताराची टाकाऊ करवत मागून आणली. चांगली करवत घेऊ नका, मातीतल्या खड्यांनी दात जातात. बाहेरच्या कडेचे मूठभर जाडीचे तुकडे घ्या, प्रत्येकात आठ-दहा जिवंत फुटवे आणि खाली पांढरी मुळं पाहिजेत. मधलं सरळ कंपोस्टला. एका ठोंबातून चार-पाच रोपं सहज निघतात, म्हणजे नर्सरीत पैसे घालायला नकोत.

आता जागा, इथे जरा वेळ घालवा. पर्वरीला तुमच्याकडे बहुतेक वर फूटभर लाल माती आणि खाली जांभा असणार. जांभ्यात खोदलेला खड्डा म्हणजे बादली, भुसभुशीत माती आणि खत घालून आपण झाडाला त्या बादलीत बसवतो. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता आणि चहा पिऊन या. पाणी उतरलं असेल तर ठीक, तसंच तळं दिसलं तर तिथे खड्ड्यात लावूच नका, आडवे चिरे एक थर मांडून त्यात माती भरा, जाडी रेती मिसळा, ठोंबाचा गळा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा आठ-नऊ इंच वर राहिला पाहिजे. दोन रोपांत अडीच फूट. शेणखत लावतानाच एक घमेलं, नंतर युरिया बिरिया काही नाही, जास्त खाऊ घातलं की पाती लांब, मऊ होतात आणि परत तेच, लोळण. ऊन मात्र दिवसाचे सहा तास तरी हवंच. बाल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीच्या, सावलीत कुंडी ठेवायचा विचार असेल तर सोडून द्या.

पाणी एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून दोनदा भरपूर, रोज शिंपडा मारू नका. आणि मे संपताना, पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, गडबड चालू असते तेव्हा, वरची एक तृतीयांश पाती कात्रीने उडवून टाका. नुसती वरची हं, गड्ड्याजवळ जायचं नाही. एवढ्याने वजन कमी होतं आणि जूनच्या पावसात ते बऱ्यापैकी उभं राहतं. देखणं दिसत नाही पण पावसात बाग बघायला येतंय कोण.

आता बी. जांभळ्याच्या तुऱ्यात उगवणारं बी जवळजवळ नसतंच, ते फोडूनच वाढवायचं. हे मला माहीत नव्हतं तेव्हा मी ऑनलाइन 'जांभळं फाउंटन ग्रास' लिहिलेलं बियांचं पाकीट मागवलं, भराभर उगवलं, खूश झालो, आणि सगळं हिरवं. ते साधं फाउंटन ग्रास, नर्सरीवाले पेनिसेटम म्हणतात, आता शास्त्रीय नावात सेंकरस झालंय. तुरे त्यालाही सुंदर येतात म्हणून राहू दिलं. पुढच्या वर्षी शेजाऱ्यांच्या गटाराच्या फटीत, रस्त्यापलीकडे चिऱ्यांच्या गडग्यात, जिकडे तिकडे तेच. बी वाऱ्याने उडतं. सगळं उपटायला मला दोन रविवार लागले आणि शेजाऱ्यांचे टोमणे वेगळे.

हसण्यावारी नेऊ नका, हवाईमध्ये हे गवत लाव्ह्याच्या माळांवर पसरलंय, वाळलं की वणवे पेटतात आणि वणव्यानंतर तेच आधी फुटतं. युरोपियन युनियनने 2017 मध्ये ते घातक परकीय प्रजातींच्या यादीत टाकलं, तिकडे विकताही येत नाही. आपल्याकडे घराच्या पाठी सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, असतो, पावसात तिथे सीतेची आसवं ही रानफुलं फुलतात, आणि उन्हाळ्यात काजूच्या डोंगराला आग लागायची भीती असतेच, त्यात ही भर कशाला. तुमच्या प्लॉटमागे सडा असेल तर हिरवं लावू नका, कोणी फुकट दिलं तरी.

माझं मत विचाराल तर गेटजवळ जांभळं ठेवा, पण तुम्ही लिहिलंय ती मागची उताराची माती वाहून जाते, तिथे वाळा लावा. आपला वाळा, माठात घालतो तोच. मुळं सरळ खाली जातात, उतारावर आडव्या रांगेत जवळजवळ लावला की माती धरतो, पावसात आडवा पडत नाही, आणि पावसानंतर जांभळट तुरे येतात तेही काही कमी देखणे नाहीत. हे मला दहा वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

सध्या पाऊस आहे तोवर एकच करा, लोळलेली पाती सुंभाने सैल बांधून उभी करा आणि मधलं कुजकट हाताने काढून टाका. फोडल्यानंतर पहिले पंधरा दिवस सगळे तुकडे मेल्यासारखे दिसतील. उपटून बघू नका, मी दोन बघितले होते, दोन्हीला मुळं फुटायला लागली होती.