लॉग फाइल डिलीट केली तरी डिस्क भरलेलीच का दाखवते?

तुम्ही लिहिलंय की लिनक्स सर्व्हरची डिस्क भरली म्हणून ४० जीबीची लॉग फाइल (प्रोग्रामच्या नोंदींची फाइल) आरएम या कमांडने उडवली, तरी डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) १०० टक्केच दाखवतंय. आता रीबूट मारू का? इतक्यात नको.

आरएम फक्त डिरेक्टरीतलं नाव खोडते. एखाद्या प्रोग्रामने ती फाइल उघडून धरली असेल, तर तो सोडेपर्यंत डिस्कवरची तिची जागा मोकळी होत नाही. दारावरची पाटी काढली, पण भाडेकरू आतच, असा प्रकार. डीयू (फाइलींची जागा मोजणारी कमांड) पाट्या वाचत फिरते, म्हणून तिला फाइल दिसत नाही. डीएफ थेट फाइल सिस्टिमचा हिशेब सांगते. दोघींच्या आकड्यांत मोठी तफावत असेल तर आधी हाच संशय घ्यायचा.

रूट (सर्व अधिकार असलेला युजर) होऊन 'एलएसओएफ +एल१' (एल कॅपिटल) चालवा. नाव गेलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाइलींची यादी येईल. त्यात पीआयडी (चालू प्रोग्रामचा नंबर) बघा आणि तेवढीच सर्व्हिस रीस्टार्ट करा. भर कामाच्या वेळी तेही जमत नसेल, तर एफडीच्या (उघड्या फाइलच्या नंबरच्या) रकान्यातला आकडा घेऊन फाइल आहे तिथेच रिकामी करा: 'ट्रंकेट -एस ० /प्रोक/२३१७/एफडी/४' (२३१७ च्या जागी तुमचा पीआयडी, ४ च्या जागी एफडीचा आकडा). पण ती नक्की लॉगच आहे ना, हे दोनदा बघा. डेटाबेसच्या फाइलवर हे चालवलंत तर मग बॅकअप शोधत बसाल.

रीबूटनेही जागा सुटते, खोटं कशाला बोलू. मी एका पतसंस्थेचा सर्व्हर बघायचो तेव्हा रात्री साडेअकराला तेच केलं. डिस्कवर एक्स्ट३ ही जुनी फाइल सिस्टिम होती, शेवटच्या तपासणीला १८० दिवस उलटून गेलेले, त्यामुळे बूट होतानाच एफएससीके (फाइल सिस्टिमची तपासणी) सुरू झालं. स्क्रीनवर टक्केवारी मुंगीच्या पावलांनी सरकतेय आणि मी तिसरा चहा घेतोय. काउंटर उघडायच्या जेमतेम आधी लॉगिन आलं.

एलएसओएफमध्ये काहीच सापडलं नाही तर? एक्स्ट४ फाइल सिस्टिम साधारणपणे ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. १ टीबीच्या डिस्कवर ती ५० जीबी होते. रूटच्या प्रोसेसने ती राखीव जागाही खाल्ली असेल, तर ४० जीबी उडवूनही 'अव्हेलेबल' शून्यच दिसणार. दुसरी शक्यता, बॅकअपची डिस्क माउंट (फोल्डरला जोडलेली) नसताना बॅकअप चालला, सगळा माल सर्व्हरच्या मुख्य डिस्कवरच्या त्या फोल्डरात पडला आणि नंतर वरून माउंट बसला, त्यामुळे तो माल झाकला गेला. अनमाउंट करून आत डोकावा.

चालू लॉगवर पुन्हा आरएम नको, ट्रंकेटच करा. लॉगरोटेटच्या (जुने लॉग बाजूला काढणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फिगमध्ये 'पोस्टरोटेट' (लॉग बदलल्यावर प्रोग्रामला नवी फाइल उघडायला सांगणारा भाग) आहे का तेही बघा. नसेल तर प्रोग्राम जुन्याच फाइलला चिकटून राहतो आणि दर आठवड्याला हेच रामायण. निदान 'कॉपीट्रंकेट' (लॉगची कॉपी काढून मूळ फाइल रिकामी करणारा पर्याय) तरी टाका. कॉपी होताना एखाद-दोन ओळी हरवू शकतात, लॉगसाठी मला ते चालतं.

एलएसओएफचं आउटपुट कमेंटमध्ये टाका, आयपी तेवढे खोडून.