माशीच्या डोक्यावरचे पाय आणि तिसरी ‘नीट’

फोंड्याहून एका डॉक्टर वडिलांचे पत्र आले आहे. कन्या दोनदा ‘नीट’ला बसली, पण बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळण्याइतके गुण पडले नाहीत. तिसऱ्यांदा बसायला ती तयार नाही आणि प्राण्यांचे शरीर कसे घडते व उत्क्रांतीत कसे बदलते, हे तिला शिकायचे आहे. ‘मानवी जीनोम, म्हणजे माणसाचा संपूर्ण डीएनए, 2003 सालीच वाचून झाला, आता त्यात उरले काय? तिची समजूत काढा,’ अशी वडिलांची विनंती आहे.

डॉक्टरसाहेब, तिच्या गुणांपेक्षा मला आपल्या पत्रातील एका वाक्याने अस्वस्थ केले. तिने अभ्यासाच्या मेजासमोर लावलेले, डोक्यावर पाय उगवलेल्या फळमाशीचे चित्र आपण ‘नीट होईपर्यंत’ कपाटात ठेवून दिलेत. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या आवडीची अशी जप्ती करून अभ्यास वाढत नाही, घरातले बोलणे मात्र खुंटते. दवाखाना पुढे कोण चालवणार, ही खरी चिंता पत्राच्या शेवटी उतरली आहे. ती आपली आहे, तेव्हा तिची सोडवणूक मुलीच्या उमेदीच्या वर्षांतून करू नये.

आता जीनोमविषयी. वाचून झाली ती डीएनएची अक्षरे. कोणते जनुक गर्भात कुठे, केव्हा आणि किती वेळ काम करते, हे बव्हंशी उलगडायचे आहे. प्रथिने बनवणारी जनुके माणसात सुमारे 20,000 आहेत आणि मिलिमीटरभर लांबीच्या एका सूत्रकृमीतही साधारण तितकीच, त्यामुळे शरीरांतील फरक केवळ जनुकांच्या संख्येत शोधून सापडत नाही. चित्रातल्या त्या माशीतही नवे जनुक नाही. छातीच्या भागात चालणारे जनुक डोक्यात चालू झाले, एवढेच. अशाच माश्यांवरील गर्भविकासाच्या संशोधनाला 1995 साली नोबेल मिळाले, तेही वैद्यकशास्त्राचे. अंगठ्याशेजारी जादा बोट असलेली बाळे आपण पाहिली असतील. त्यांपैकी काहींत दोष असतो तो हातापायांच्या घडणीतील एका जनुकापासून सुमारे दहा लाख अक्षरे दूर असलेल्या नियामक तुकड्यात, म्हणजे ते जनुक कुठे व केव्हा चालावे हे ठरवणाऱ्या डीएनएच्या भागात, आणि तेथे एक अक्षर बदलले तरी पुरते. सापांत हाच तुकडा झिजलेला आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदराचा हा तुकडा काढून त्या जागी सापाचा बसवला, तेव्हा उंदरांचे पाय खुंटले. मूळ जनुक शाबूत राहिल्याने बाकीच्या अवयवांतले त्याचे काम अडत नाही, आणि म्हणूनच उत्क्रांतीला एखादाच अवयव बदलणे साधते.

हे शिकवणाऱ्या केंद्रीय विज्ञान संस्थांपैकी आयसरसाठी त्यांची स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहे, नायसरसाठी ‘नेस्ट’ ही परीक्षा. गोव्यातच राहायचे तर प्राणिशास्त्रात पदवी घेऊन ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेता येते. आयसर व नायसरच्या परीक्षांना बारावी कोणत्या वर्षी उत्तीर्ण झालेले विद्यार्थी पात्र आहेत, ते मात्र आजच तपासा, कारण तिसऱ्या ‘नीट’च्या नादात ती संधी हुकू शकते. हा मार्ग सोपा आहे असे मी तिला सांगणार नाही. आयसरची पाच वर्षे, पुढे पीएच.डी.ची तितकीच किंवा अधिक, आणि त्यानंतरही नोकरीची हमी नाही. हे सारे तिला माहीत आहे का, ते आपण तिलाच विचारावे, आणि विचारण्याआधी ते चित्र परत द्यावे.