विचारा मिस्त्रीला : पत्रे, कौलं आणि हेल्परचं काम

प्रश्न : वय 19, बारावी झाली आहे. चिपळूणला पत्रे बसवणाऱ्या टोळीत हेल्पर म्हणून जातोय. पहिले काही दिवस काय करायला लागतं?

बहुतेक काम जमिनीवरचंच असतं. पत्रे उतरवायचे, मापाप्रमाणे वेगळे लावायचे, दोर बांधून वर द्यायचे, सूत (रेघ सरळ मारायची दोरी) धरायचं. बारा फुटी, अर्धा मिलिमीटर जाडीचा रंगीत पत्रा साधारण 17-18 किलो भरतो. वजन फार नाही, पण वारा असेल तर एकट्याने उचलू नका. दोघांनी दोन टोकांना, पत्रा उभा धरून न्यायचा. आडवा धरलात तर तो शिडासारखा फुगतो आणि माणसाला ओढत नेतो. हातमोजे चामड्याचेच घ्या, सुती मोजा पत्र्याच्या कडेने सहज कापला जातो.

गठ्ठ्यातला पत्रा ओढून काढायचा नाही, उचलायचा. ओढला की खालच्या पत्र्याचा रंग खरवडतो आणि गंज तिथूनच धरतो. गठ्ठ्याच्या एका टोकाखाली लाकडी ठोकळे देऊन उतार ठेवा. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी अडलं, तर न वापरलेल्या मालावरही पांढरा गंज येतो.

प्रश्न : शेडवर नवे रंगीत पत्रे टाकले आणि पहिल्याच पावसात गळायला लागले. मिस्त्री म्हणतो, हेल्परने स्क्रू जास्त आवळले. जास्त आवळल्यावर उलट घट्ट बसायला नको का?

मिस्त्री बरोबर बोलतोय. पाणी स्क्रू अडवत नाही, त्याच्याखालचा रबरी वॉशर अडवतो. स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळला की रबर चेपून बाहेर येतं, उन्हात चिरतं, आणि भोकाभोवती पत्रा दबून खळगा तयार होतो. पाणी नेमकं त्या खळग्यात साचतं. सैल ठेवला तर रबर टेकतच नाही. खूण एकच : वरच्या लोखंडी चकतीच्या कडेबाहेर रबर जेमतेम डोकावलं की थांबा. स्क्रू मारायच्या गनचा क्लच (ठरलेला जोर आला की फिरणं थांबवतो तो) आधी टाकाऊ तुकड्यावर लावून बघा. इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोके देत आवळणारी गन) हातात असेल तर दुप्पट सांभाळून, कारण कळायच्या आत तो पुढे गेलेला असतो.

स्क्रू सरळ, काटकोनात गेला पाहिजे. तिरका गेला की वॉशर एकाच बाजूने दबतो. छतावर तो पत्र्याच्या उंच भागावर मारतात, खोलगट भागात नाही, कारण पाणी खोलगट भागातून वाहतं. म्हणून लांबी निवडताना पत्र्याच्या लाटेची उंची धरावी लागते. 30 मिमी उंचीच्या लाटेला 55 ते 65 मिमीचा स्क्रू लागतो. आखूड पडला तर परलिनमध्ये (पत्रा ज्याच्यावर टेकतो त्या आडव्या दांड्यात) पुरेसा धरत नाही.

परलिन चुकून नुसतंच भोक पडलं, तर ते त्याच क्षणी मिस्त्रीला दाखवा. वरून सिलिकॉन फासून गप्प बसण्याची सवय वाईट, ते एक-दोन उन्हाळ्यांत सुटतं. भोकात सीलंट भरून वॉटरप्रूफ रिव्हेट मारायची. मुळात भोक चुकू नये म्हणून प्रत्येक परलिनची रेघ सूत मारून पत्र्यावर आधीच उमटवतात.

संध्याकाळी छत झाडायचं काम हेल्परचं, आणि ते कुणी मनावर घेत नाही. ड्रिलिंगची लोखंडी बुकणी रात्रीच्या दवात गंजते आणि नव्या पत्र्यावर तपकिरी ठिपके पडतात. मऊ ब्रशने रोज झाडा. रंगीत पत्रा ग्राइंडरने कापू नका, ठिणग्यांनी रंग जळतो. निबलर (पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) किंवा पत्रा कापायची कात्री वापरा.

गळती सांध्यातूनही होते. खालच्या-वरच्या पत्र्यांची जोड निदान सहा इंच हवी, उतार कमी असेल तर अधिक. शेजारशेजारच्या पत्र्यांच्या जोडीची दिशा वाऱ्याकडे पाठ करून. कोकणात पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून आढं (छताचा माथा) पूर्व-पश्चिम असेल तर पत्रे पूर्वेकडून लावत पश्चिमेकडे जायचं. म्हणजे वरच्या पत्र्याची उघडी कड पूर्वेला राहते.

प्रश्न : जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर चढून एक पत्रा बदलायचा आहे. बोल्टच्या रेषेवरून चाललं तर चालतं ना?

त्या रेषेवर भरवसा ठेवू नका. खाली परलिन आहे एवढंच तिच्यावरून कळतं. पाय चार बोटं इकडेतिकडे पडला की पत्रा फुटतो, आणि आधी तडतडण्याचा इशाराही देत नाही. फळ्या टाकून त्यांच्यावरूनच जा. सिमेंटच्या पत्र्यांना परलिनमधलं अंतर 1.4 मीटरपर्यंत असतं, म्हणून दहा फुटी फळी तीन परलिनवर टेकते. त्याहून आखूड घेऊ नका. फळी दोराने परलिनला बांधा, आणि दोन फळ्या आळीपाळीने पुढे सरकवा. चढण्याआधी खालून बघून पारदर्शक पत्रे कुठे आहेत ते लक्षात ठेवा. धूळ आणि शेवाळ चढलं की वरून ते ओळखू येत नाहीत.

जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. मशीनने कापू नका, ओले करून हातकरवतीने कापा. तोंडाला रुमाल पुरत नाही, एन-95 मास्कही नाही; पी-100 किंवा एफएफपी-3 दर्जाचा मास्क हवा.

प्रश्न : बारा फुटी शेडवर हार्नेस घालून काही उपयोग होतो का?

नेहमीच्या लांब दोराने नाही. 1.8 मीटरचा दोर, उघडणारा शॉक ॲब्सॉर्बर आणि माणसाची उंची धरली तर खाली सुमारे सहा मीटर मोकळी जागा लागते. बारा फुटांवरून पडणारा त्याआधीच जमिनीला लागतो. दोर आखूड करा आणि डोक्याच्या वरच्या पातळीला, कैचीला (छत पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याला) अडकवा. परलिनच्या टोकाला नाही.

प्रश्न : शाकारणीच्या (पावसाआधी कौलं नीट करायच्या) कामाला गेल्यावर कौलं फार फुटतात. काय चुकतंय?

पाय बहुधा कौलाच्या मधोमध पडतोय. मंगलोरी कौलाच्या खालच्या टोकाला, जिथे ते खालच्या कौलावर चढलेलं असतं आणि खाली रीप (कौल टेकायची लाकडी पट्टी) असते, तिथे पाय ठेवा. वर नेलेली कौलं एकाच पाख्यावर (छताच्या एका उतारावर) रचू नका. शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आसपास कौलं लागतात. दर कौल अडीच-तीन किलो धरलं तर ते ओझं चार क्विंटलच्या आसपास जातं आणि एका बाजूने वासे वाकतात. दोन्ही पाख्यांवर दहा-दहाचे थर सारखे ठेवा. फुटकं काढताना वरच्या ओळीतली कौलं लाकडी पाचरीने उचला, मग नवं सरकवा. पहारीने उचकटलं तर एकाच्या जागी तीन जातात.

प्रश्न : बांधकाम कामगार कल्याण मंडळात हेल्परची नोंदणी होते का?

होते. वय 18 ते 60 आणि मागच्या बारा महिन्यांत बांधकामावर 90 दिवस काम केलेलं असावं. त्या 90 दिवसांचा दाखला ठेकेदाराकडून घ्यायचा असतो, म्हणून हजेरीची वही स्वतः लिहा आणि दर आठवड्याला सही घ्या. टोळी बदलली की जुन्या ठेकेदाराला गाठणं अवघड जातं.