दारूबंदीच्या काळातली कॉकटेल्स घरी कशी बनवायची?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळातली कॉकटेल्स घरी कशी करायची, आणि वाईट दारूची चव मारायलाच ती निघाली हे खरं का. आधी दुसरीचं सांगतो, कारण त्यावर पहिलीचं उत्तर ठरतं.

ते अर्धंच खरं आहे. बंदी १७ जानेवारी १९२० ला लागू झाली आणि ५ डिसेंबर १९३३ ला उठली. मधल्या काळात लोक कारखान्यांसाठीचं अल्कोहोल, पाणी आणि ज्युनिपरचं (जिनला वास देणाऱ्या फळाचं) तेल कालवून घरीच 'बाथटब जिन' करायचे. ती घशाखाली उतरावी म्हणून लिंबू, मध, फळांचे रस सढळ हाताने पडायचे. त्या अल्कोहोलमध्ये सरकारी हुकमानेच मिथेनॉलसारखी विषं मिसळलेली असायची. ती नीट निघाली नाहीत की माणसं आंधळी व्हायची, मरायची. मुंबईत मालवणीला २०१५ मध्ये शंभराहून जास्त जीव गेले तेही मिथेनॉलनेच. म्हणून 'बाथटब जिन' हे नाव कुणी कौतुकाने घेतलं की मला त्रास होतो.

त्या काळातली उत्तम पेयं मात्र चांगल्या दारूवर उभी राहिली. काम सुटलेले कितीतरी बारटेंडर लंडन, पॅरिस, हवानाला गेले. हॅरी क्रॅडॉक हा त्यातलाच. १९२० मध्ये तो इंग्लंडला परतला, लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या बारमध्ये लागला आणि १९३० मध्ये त्याचं कृतींचं पुस्तक निघालं. तेव्हा 'चव झाकली जाईल' म्हणून स्वस्तातली जिन आणू नका. लिंबू-मधाने ती झाकली जात नाही.

सुरुवात 'बीज नीज'पासून करा. त्या वेळच्या बोलीत या नावाचा अर्थ 'एक नंबर'. लागतं काय, तर जिन, लिंबू, मध. मध बाटलीतून थेट ओतू नका. बर्फाला लागताच तो घट्ट होऊन तळाशी चिकटतो आणि पेय आंबट लागतं. माझे पहिले दोन ग्लास असेच फुकट गेले. दोन मोठे चमचे मध एक मोठा चमचा कोमट पाण्यात विरघळवून गार होऊ द्या. मग ६० मिली जिन, २० मिली हे मधपाणी, १५ मिली लिंबाचा रस. मूळ कृतीत रस थोडा जास्त असतो, पण तिथे मोठा पिवळा लेमन वापरतात. आपलं कागदी लिंबू जास्त आंबट आणि झणझणीत, म्हणून हात आखडता घ्यायचा. रस त्याच वेळी पिळा, सकाळी काढून ठेवलेला नको. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची स्टीलची बरणी चालते. ती बर्फाने भरा आणि बारा-पंधरा सेकंद जोरात हलवा. बाहेरून पांढरं दव धरलं आणि बोटांना चटका बसायला लागला की गाळा.

साइडकारची तऱ्हाही तीच: ५० मिली कोन्याक (फ्रेंच ब्रँडी), २५ मिली क्वान्त्रो (संत्र्याचं गोड लिक्युअर), १५ मिली लिंबाचा रस. ही कृती १९२२ च्या पुस्तकांत छापलेली सापडते. कोन्याक महाग पडतं, पण साध्या ब्रँडीत मला ती गंमत कधी सापडली नाही.

तिसरं 'मेरी पिकफर्ड', मूकपटांतल्या नटीच्या नावाचं, हवानाचं. पांढरी रम ५० मिली, ताज्या अननसाचा रस ४० मिली, ग्रेनाडिन एक चमचा, मारास्किनो (चेरीचं लिक्युअर) मिळालं तर अर्धा चमचा. ग्रेनाडिन विकत आणू नका. बाजारातल्या बऱ्याच बाटल्यांत डाळिंब नावालाही नसतं, आणि मुळात ते डाळिंबाचंच सरबत. सोलापूरची चांगली लालबुंद डाळिंबं आणा, रस गाळून घ्या, तेवढीच साखर घालून मंद आचेवर विरघळेपर्यंतच ठेवा. उकळी आली की ताजा वास जातो. फ्रीजमध्ये दोन आठवडे सहज टिकतं.