ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेच्या संस्थापकांवरचा ‘हाउ टू चेंज द वर्ल्ड’ हा माहितीपट आमच्या नव्या पर्यावरण गटाला दाखवावा का? त्यातली भांडणं बघून मुलं खचतील अशी भीती वाटते.

जरूर दाखवा, आणि भांडणांसकट दाखवा. मी तीनदा पाहिलाय.

जेरी रॉथवेल यांचा हा माहितीपट २०१५चा. १९७१ साली बारा जण एका जुन्या मासेमारी बोटीतून व्हँकूव्हरहून अलास्काच्या अमचिटका बेटाकडे निघाले, अमेरिकेची अणुचाचणी अडवायला. तिथवर पोहोचलेच नाहीत, चाचणीही झाली. पण बोभाटा असा झाला की ग्रीनपीसची चळवळ उभी राहिली. त्यांच्यातला बॉब हंटर हा वर्तमानपत्रात सदर लिहिणारा पत्रकार. लोकांच्या डोक्यात एखादं चित्र पेरलं की पुढचं काम ते चित्रच करतं, हे त्याला फार लवकर कळलं होतं.

ते चित्र १९७५ साली मिळालं. कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात सोव्हिएत जहाज देवमाशांच्या मागे लागलेलं, मध्ये एक चिमुकली रबरी बोट आणि तिच्यात हंटर आणि त्याचे सहकारी पॉल वॉटसन. भाला त्यांच्या डोक्यावरून सणसणत जातो आणि देवमाशात घुसतो. हे सगळं तेव्हाच १६ एमएम फिल्मवर टिपलेलं आहे, नंतर उभं केलेलं नाही. मरणाऱ्या देवमाशाच्या डोळ्यात आपल्याला काय दिसलं हे वॉटसन सांगतात तेव्हा माझ्या घशात दरवेळी आवंढा येतो.

तुमची भीती आहे तो भाग इथून पुढे. १९७६ला सीलची शिकार रोखायला ही मंडळी न्यूफाउंडलंडच्या बर्फावर गेली. पिलांच्या अंगावर हिरवा रंग फवारायचा, म्हणजे कातडी विकता येणार नाही, असा बेत होता. हंटरने स्थानिक शिकाऱ्यांशी बोलून तो सोडून दिला. वॉटसनना ते पटलं नाही. पुढच्याच वर्षी ते संघटनेबाहेर पडले. दोघांचंही मला पटतं, म्हणून तो भाग जास्त लागतो. जिवावर उदार होऊन एका बोटीत बसलेली ही माणसं होती!

गटाला हाच भाग दाखवून थांबवा आणि विचारा: तुम्ही काय केलं असतं? आमच्या टेकडी बचाव गटात हा प्रश्न आधी कुणी विचारला नाही. निधी आला, नाव झालं आणि सहा महिन्यांत आम्ही दोन गटांत वाटलो गेलो.

शिकारीची दृश्यं रक्ताळलेली आहेत. लहान मुलं असतील तर आधी स्वतः पाहून घ्या.